पोत्यांतील वाडी

घरांत ज्यांची उणीव पैशानें भरून निघत नाहीं अशा गोष्टी थोड्याच. त्यांत माती ही एक आहे. धान्य विकत मिळतें, भाजी विकत मिळते, पाणीदेखील अलीकडे विकत मिळूं लागलें आहे; परंतु दाराशीं असलेली, आपल्या हातची, ओळखीची माती एकदां गेली म्हणजे बाजारांतील पिशवी तिची जागा घेऊं शकत नाहीं. वसईच्या किनाऱ्यावरील गांवांस हा अनुभव गेल्या तीन-चार दशकांत पुरेपूर आला आहे. जेथें पूर्वी घरामागें वाडी होती, तेथें आज फरशी आहे. आणि जेथें फरशी नाहीं तेथें भरावाचा मुरूम व विटांचे तुकडे आहेत.

या लेखांत एका अगदीं साध्या, वरवर पाहतां क्षुल्लकच वाटणाऱ्या उपायाचा विचार करावयाचा आहे. तो म्हणजे गोणपाटाच्या अथवा तशाच जाड कापडाच्या पोत्यांत माती भरून तींत घरची भाजी पिकविणें. गेलेली माती परत येत नाहीं हें खरें. पण नवी घडवितां येते, आणि ती घडविण्यास व राखण्यास पोत्याएवढें स्वस्त भांडें दुसरें नाहीं. मात्र या उपायास मर्यादाही आहेत, आणि त्या लपवून ठेवणें वाचकांच्या हिताचें होणार नाहीं.

उमेळ्याची जमीन

मुंबईहून विरारकडे जाणारी आगगाडी भाईंदर सोडून वसईच्या खाडीचा पूल ओलांडते, तेव्हां पहिलें स्थानक लागतें तें नायगांव. या स्थानकाच्या पश्चिमेस उमेळे गांव आहे. पूर्वी ठाणें जिल्ह्यांत असलेला हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो. खाडीच्या बाजूस मिठागरें व खाजणें, आणि समुद्राच्या बाजूस वसईचा प्रसिद्ध बागायती पट्टा, अशा दोन भिन्न प्रकृतींच्या जमिनींच्या मध्यें हें गांव वसलेलें आहे.

वसईच्या वाड्यांचा लौकिक जुना. केळीं, नागवेलीचीं पानें, फुलें आणि भाजीपाला हीं तेथील मुख्य उत्पन्नें. आगाशीकडील उन्हांत वाळविलेलीं सुकेळीं ज्यांनीं चाखलीं आहेत, त्यांस या मातीची गोडी निराळी सांगावयास नको. वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, ख्रिस्ती कुपारी अशा समाजांनीं ही बागायत नांवारूपास आणिली. आपल्या वर्गांतील पुष्कळांची अशी समजूत असते कीं, विद्या घरांत आली म्हणजे कुदळ घराबाहेर जावयाची. सामवेदी ब्राह्मण समाज पिढ्यान्‌पिढ्या स्वतः वाडी कसत आला. पळी-पंचपात्र आणि कुदळ एकाच घरांत सुखानें नांदूं शकतात, याचा तो समक्ष दाखला आहे.

या वाड्यांचा प्राण म्हणजे गोडें पाणी. पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं व शिंपण्यासाठीं येथें बावखलें खोदलीं जात. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचें लहानसें तळें. तें पावसाळ्यांत भरे, जमिनींत मुरे, आणि विहिरींस उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरवी. विहिरींवर राहाट चालत. एप्रिल १८६७ मध्यें विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली, आणि पुढें या वाड्यांचा माल आगगाडीनें मुंबईच्या घराघरांत पोंचूं लागला. दादरच्या बाजारांत ‘वसईची भाजी’ म्हणून मागून घेणाऱ्या गृहिणी आजही आढळतील.

गेल्या शतकाच्या अखेरीस मात्र हें चित्र पालटूं लागलें. १९९० च्या सुमारास या पट्ट्याच्या नगररचनेचें काम ‘सिडको’कडे आलें व इमारतींचा वेग वाढला. विहिरींचें पाणी उपसून टँकरनें विकलें जाऊं लागलें. किनाऱ्यालगतच्या भूमींत गोडें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें; वरचें गोडें बेसुमार उपसलें कीं खालचें खारें वर चढतें, आणि एकदां खारी झालेली विहीर पुन्हां गोडी होण्यास अनेक पावसाळे जावे लागतात. या उपशाविरुद्ध ‘हरित वसई संरक्षण समिती’नें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं लढा दिला. हेच फादर पुढें २०२० सालीं तेव्हांच्या उस्मानाबादेस, म्हणजे आतांच्या धाराशिवास, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हें वाचकांस स्मरत असेलच.

जमीन उंच-सखल भरली गेली, बावखलें बुजलीं, नाले अरुंद झाले, तेव्हां पावसाच्या पाण्यास जावयास वाट उरली नाहीं. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत वसई परिसरांत दिवसच्या दिवस पाणी तुंबून राहिलें, आगगाड्या बंद पडल्या आणि मिठागरांतील वस्तीवरचे लोक पाण्यांत अडकले. अशा ठिकाणीं जमिनींत भाजी लावणारास तीन शत्रूंशीं गांठ असते: पावसाळ्यांत तुंबणारें पाणी, उन्हाळ्यांत वर चढणारा खार, आणि बाराही महिने भरावाची निःसत्त्व माती. यावर तोड एकच. रोपाचें मूळ जमिनीच्या पातळीपासून वर उचलावयाचें आणि त्यास आपण घडविलेली माती द्यावयाची. पोत्याची योजना येथें उपयोगी पडते.

कुंडीपेक्षां पोतें बरें कां?

कुंडी ही दिसावयास सुबक, पण प्लॅस्टिकच्या अथवा चकाकी दिलेल्या चिनी मातीच्या कुंडींत मुळांस बाहेरची हवा मिळत नाहीं. वाढणारें मूळ भिंतीस लागलें कीं तेथें न थांबतां भिंतीच्या कडेनें गोल गोल फिरूं लागतें. कांहीं महिन्यांनीं कुंडी उपडी केली तर मातीऐवजीं मुळांची गुंडाळीच हातीं येते. मधली माती तशीच पडून राहते व झाड मात्र उपाशी. कापडाच्या पोत्यांत असें होत नाहीं. मुळाचें टोंक विरळ विणीच्या कापडाशीं पोंचतें, तेथें त्यास कोरडी हवा लागते, आणि तें टोंक सुकून थांबतें. टोंक थांबलें म्हणजे मागील भागास नवे फांटे फुटतात. असें होतां होतां सबंध माती बारीक मुळांच्या जाळ्यानें भरून जाते, आणि झाड अन्न घेतें तें याच बारीक मुळांनीं. शिवाय जास्त झालेलें पाणी चोहोंकडून निथळतें, आणि ओल्या कापडावरून होणाऱ्या बाष्पीभवनानें मुळें थंड राहतात. माठांतील पाणी गार कां होतें हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हें कारण निराळें समजावून द्यावयास नको.

ही युक्ति केवळ हौसेची नव्हे. आफ्रिकेंत केनियाची राजधानी नैरोबी येथें किबेरा नांवाची अतिशय दाटीची वस्ती आहे. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर त्या देशांत दंगली उसळल्या व गरिबांस भाजी दुर्मिळ झाली. तेव्हां २००८ सालीं एका फ्रेंच सेवासंस्थेनें त्या वस्तींतील कुटुंबांस रोपें देऊन पोत्यांत भाजी लावण्याचा उपक्रम सुरू केला. पोत्याच्या मधोमध दगडगोट्यांचा खांब, भोंवतीं माती, आणि बाजूंस छिद्रें पाडून त्यांत रोपें, अशी ती रचना होती. जमीन नाहीं त्यानें उंची वापरावी, हें तिचें तत्त्व.

आपल्याकडेही हा विचार नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील ‘अधिक धान्य पिकवा’ ही चळवळ घरांतील वृद्धांकडून ऐकलेली असेल. त्यानंतर ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक श्री. अ. दाभोळकर या गणिताच्या अध्यापकानें ‘विपुलाच सृष्टी’ लिहून हें मराठी वाचकांस समजावून दिलें कीं, वनस्पति आपलें बहुतेक वजन सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांतून मिळविते. तेव्हां शेतीचा खरा हिशेब एकरांचा नसून पानांवर पडणाऱ्या उन्हाचा आहे. २००२ सालीं मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीति पाटील यांनीं स्वयंपाकघरांतील ओल्या कचऱ्याचें खत करून भाज्या व फळझाडें वाढविण्यास आरंभ केला. जेथें पूर्वी ओला कचरा ही अडचण होती, तेथें तीच संपत्ति झाली.

पोतें निवडावें कसें, भरावें कसें

धान्य व साखर तागाच्या पोत्यांत भरण्याविषयीं १९८७ चा कायदा असल्यामुळें गोणपाट अद्याप दुर्मिळ झालेलें नाहीं. वाण्याकडे रिकामें बारदान सहज मिळतें. धान्याचेंच पोतें घ्यावें. सिमेंट, रासायनिक खत किंवा कीटकनाशक ज्यांत होतें तें पोतें कितीही धुतलें तरी भाजीस वापरूं नये. जुन्या सुती धोतराचें वा लुगड्याचें कापड ओल्या मातींत लवकर कुजतें. त्याचा उपयोग फक्त आंतील अस्तरासाठीं. विणलेल्या प्लॅस्टिकचीं पोतीं उन्हानें जीर्ण होऊन त्यांचे तंतू मातींत मिसळतात, म्हणून तींही टाळावींत. दुकानांत जाड, न विणलेल्या कापडाच्या तयार पिशव्या मिळतात. त्या महाग, पण अनेक वर्षें टिकतात.

कोंकणच्या हवेंत गोणपाट एका हंगामापेक्षां फारसें अधिक टिकत नाहीं, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें. म्हणून एकांत एक अशीं दोन पोतीं घालावींत आणि कांठ दुमडून दाभण व सुतळीनें शिवून घ्यावा. आंतलें कुजलें तरी बाहेरचें सांभाळतें. आणि हंगामाच्या शेवटीं कुजलेलें तरट फेंकून न देतां तेंच कुटून मातींत मिसळावें, म्हणजे कांहींच वाया गेलें असें होत नाहीं. पोतें फरशीवर टेकवूं नये. खालीं विटा ठेवून त्यावर बांबूच्या कांबींची जाळी करावी. त्यामुळें बुडास हवा लागते, तरट लवकर कुजत नाहीं, आणि पावसाळ्यांत फरशीवर पाणी आलें तरी मुळें बुडत नाहींत.

भरण्याच्या मिश्रणाचें साधें प्रमाण असें: एक भाग चाळलेली माती, एक भाग जुनें शेणखत अथवा घरच्या ओल्या कचऱ्याचें पूर्ण कुजलेलें खत, आणि एक भाग नारळाच्या सोडणांचा भुसा किंवा वाळलेला पालापाचोळा. वसईस नारळ मुबलक असल्यानें भुसा मिळण्यास अडचण नाहीं. मात्र किनाऱ्यावरच्या सोडणांत मीठ असतें, म्हणून तो दोन-तीन पाण्यांनीं धुऊन घ्यावा. पोत्यामागें दोन मुठी निंबोळी पेंड घातली म्हणजे किडीस आळा बसतो. नुसती माती मात्र भरूं नये. ती पावसानें दबून विटेसारखी घट्ट होते. भरलेलें पोतें तीन आठवडे ओलें ठेवून मुरूं द्यावें, मगच बीं पेरावें. कांठापासून चार बोटें जागा रिकामी राखावी, नाहीं तर घातलेलें पाणी वरून वाहून जातें.

वजनाचा विचार

गच्चीवर पोतीं मांडणारांनीं आणखी एक हिशेब अगत्य करावा. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या पोत्यांत ३० सेंटिमीटर उंच माती भरली तर ती सुमारें ४८ लिटर होते, आणि भिजल्यावर असें एक पोतें ५० ते ६० किलो भरतें. भारतीय मानकांत जाण्यायेण्याच्या गच्चीसाठीं धरलेला भार चौरस मीटरास सुमारें १५० किलो आहे. अर्थात् एका चौरस मीटरांत दोनांहून अधिक पोतीं नकोत, तींही गच्चीच्या मधोमध नसून भिंतींच्या व तुळयांच्या ओळींत असावींत. इमारत जुनी असेल तर स्थापत्यविशारदास विचारल्यावांचून गच्चीवर माती चढवूं नये. भाजीच्या जुडीपायीं छपराशीं खेळ करणें शहाणपणाचें नव्हे. शक्य असेल त्यांनीं ओटा, अंगण किंवा कुंपणाची कड हीच जागा पसंत करावी.

काय लावावें, केव्हां लावावें

पालेभाजीस वीतभर खोल माती पुरते; मिरची, वांगें, टोमॅटो यांस हातभर रुंद व वीत-दीडवीत खोल पोत्यांत एकच झाड लावावें; भेंडीचीं दोन चालतील. दुधी, पडवळ, घोसाळें यांस अधिक मोठें पोतें व वर मांडव पाहिजे. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीस येते, माठ महिन्याभरांत, मुळा व कोथिंबीर दीड महिन्याच्या आंत. भेंडीस पहिलें फळ धरावयास सुमारें दीड महिना लागतो.

ऋतु ओळखून लावणें हें अर्धें यश होय. पावसाळ्याच्या तोंडाशीं भेंडी, पडवळ, दोडका, माठ, अंबाडी. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो, वाल. वसईस वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. त्या धारेखालीं कोथिंबीर टिकत नाहीं, म्हणून ती पागोळ्यांपासून दूर, छपराच्या आडोशास ठेवावी. अळवाचें नेमकें उलट. त्याचें पोतें मोरीच्या निचऱ्यापाशीं, पण साबणाचें पाणी लागणार नाहीं असें ठेविलें म्हणजे श्रावणांत अळूवडीस पानें कमी पडत नाहींत.

घरांतील स्त्रिया ऋषिपंचमीचें व्रत करतात. त्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें अन्न वर्ज्य. माठ, अळू, भेंडी, पडवळ अशा हातानें लावलेल्या भाज्यांची एकत्र भाजी करावयाची. ती भाजीही आतां बहुधा बाजारांतूनच येते, आणि ती कोणाच्या कष्टाची याची चौकशी कोणी करीत नाहीं. पोत्यांतील भाजीस नांगर लागत नाहीं, बैल लागत नाहीं; लागतात ते आपलेच हात. आषाढाच्या आरंभीं चार पोतीं पेरलीं, तर भाद्रपदांतील त्या दिवसाची भाजी अगदीं व्रताच्या मूळ हेतूस धरून होईल.

एकाच पोत्यांत टोमॅटोनंतर मिरची किंवा वांगें लावूं नये. तिन्हीं एकाच कुळांतील असल्यानें एकाचे रोग दुसऱ्यास लागतात. मधल्या वेळीं मेथी किंवा वाल यांसारखें शेंगवर्गी पीक घ्यावें, म्हणजे माती विसांवते. मावा दिसतांच साबणाच्या सौम्य पाण्याचा फवारा आणि आठवड्यानें निंबोळी अर्क, एवढें बहुधा पुरतें.

पाण्याचा प्रश्न

पोत्याचा जो गुण तोच त्याचा दोष. जें कापड श्वास घेतें तें पाणीही सोडतें. एप्रिल-मेच्या उन्हांत वर सांगितलेलें एक पोतें दिवसास दोन-तीन लिटर पाणी मागतें, आणि सकाळ-संध्याकाळ दोन वेळां मागतें. दहा पोतीं म्हणजे रोज दोन बादल्या. तांदूळ-डाळ धुतलेलें, भाजी धुतलेलें पाणी गोळा केलें तर एकत्र कुटुंबांत यांतील बरेंच भागतें. वर पालापाचोळ्याचा थर अंथरला आणि पोतीं एकमेकांस लागून दुपारच्या सावलींत ठेवलीं तर मागणी आणखी घटते.

परंतु उरलेलें पाणी कोठून यावयाचें? या ठिकाणीं पोत्याचा प्रश्न पुन्हां उमेळ्याच्या जमिनीकडे येतो. खाऱ्या विहिरीचें पाणी पोत्यांत घातलें तर जमिनीपेक्षांही लवकर तेथें मीठ सांचतें, कारण पाणी उडून जातें आणि खार मागें राहतो. कापडावर पांढरी बुरशीसारखी कड दिसूं लागली कीं ती या खाराची खूण समजावी. पहिल्या मोठ्या पावसांत पोतीं मोकळीं भिजूं दिलीं म्हणजे खार धुपून जातो. म्हणजेच पोतें जमिनीपासून सुटलें तरी गोड्या पाण्यापासून सुटत नाहीं. गांवचें बावखल बुजवून, त्याच्या भरावावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या गच्चींत पोतीं मांडावयाचीं आणि टँकरच्या पाण्यावर मेथी पिकवावयाची, हा व्यवहार आंतबट्ट्याचाच म्हणावा लागेल.

अखेरचा हिशेब

मग या साऱ्या खटाटोपाचें फळ काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणें मोठ्या माणसास दिवसास सुमारें ४०० ग्रॅम भाजी असावी. आठ माणसांच्या घरास हें सव्वातीन किलोंच्या आसपास जातें. एका पोत्यांतील मेथीची कापणी म्हणजे एक चांगली जुडी. तेव्हां दहा पोत्यांनीं घरची भाजी भागेल असें जर कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवूं नये. मंडईची वाट चुकत नाहीं, आणि वसईचा जो शेतकरी अजून वाडी राखून आहे त्याच्याकडून भाजी घेणें चुकवूंही नये.

पोत्यांतून मिळावयाचें तें निराळें. कढीपत्ता, मिरची, कोथिंबीर, आळ्यांतील पुदिना यांसाठीं खाली उतरावें लागत नाहीं. आजाऱ्यास ताजी पालेभाजी हाताशीं असते. ओला कचरा दारांत कुजत न पडतां मातींत जातो. आणि याहून मोठा लाभ असा कीं, ज्ञान घरांत राहतें. बीं किती खोल पुरावें, पाणी कमी झालें तर पान कसें मान टाकतें, कोणत्या महिन्यांत काय लावूं नये, हें वाडींत वाढलेल्या माणसास कोणी शिकविलेलें नसतें. तें पाहून-पाहून हातांत येतें. वाडी गेली कीं एका पिढींत तें ज्ञान संपतें, आणि पुढच्या पिढीस जमीन परत मिळाली तरी तिचें काय करावें हें कळेनासें होतें. घरांत आजी-आजोबा आहेत, मुलें आहेत, आणि सुनांनीं आपापल्या माहेरच्या गांवांहून आणलेल्या रीती आहेत, तोंवर चार पोत्यांची ही शाळा चालवितां येते. मुलांनीं पाणी घालावें, वडील माणसांनीं चूक दाखवावी, आणि कापणीच्या दिवशीं पहिली जुडी शेजारीं द्यावी.

ज्यांनीं आपल्या मुलांस मेथीचें बीं उगवतांना दाखविलें, त्यांस गांवचें शेवटचें बावखल बुजवितांना गप्प बसणें कठीण जाईल. पोतें वाडीची जागा घेऊं शकत नाहीं. परंतु वाडीची आठवण आणि तिची विद्या तें कांहीं वर्षें सांभाळूं शकेल. तेवढ्या अवधींत उरलेल्या विहिरी, बावखलें व वाड्या राखण्याचें काम मात्र आपणां सर्वांस करावें लागेल. येत्या पावसाळ्यापूर्वीं दोन पोतीं आणि एक दाभण यांनीं आरंभ करावा. आणि गांवांत बावखलांविषयीं सभा भरेल तेव्हां घरांतील एकानें तरी तेथें जाऊन बसावें.